आमवात रंगवणाऱ्या मुलीला पत्र

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

प्रदर्शनासाठी काढलेल्या तुझ्या चित्रांचे फोटो मिळाले. लाल रंगात तडकलेले सांधे, काटेरी तारा, अंधारात गुडघ्यात डोकं घालून बसलेली बाई. वेदना आहे हे कळतं, पण ती कुठल्याही दुखण्याची असू शकेल. ज्याला आमवात नाही, त्याला यातून आमवाताबद्दल काय नवं कळलं? हे प्रत्येक चित्रासमोर उभी राहून स्वतःला विचार.

मी थबकलो ते त्या लहानशा चित्रापाशी. शर्टाचं वरचं बटण, ते धरू पाहणारी न वळणारी बोटं, आणि भिंतीवरून उतरून पार जमिनीवर आलेलं ऊन. म्हणजे ती किती वेळ त्या बटणाशी झगडतेय! सकाळी सांधे आखडतात, ती आखड तासभर किंवा त्याहून जास्त टिकते, आणि दुपारी तीच मुलगी चारचौघींसारखी वावरते. म्हणून तर तुला ऐकावं लागतं, "मघाशी बरी होतीस की!" तेच चित्रात आण. एकच हात सकाळी सातला, दहाला आणि चारला काढ. हा म्हातारपणाचा आजार नव्हे, आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते, हे शेजारच्या पाटीवर दोन ओळींत लिही, आणि ती पाटी तुझ्या डॉक्टरांना दाखवूनच लाव. रंगांनी आजार बरा होतो, असं मात्र चुकूनही सुचवू नकोस.

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलो हिचं 1944 सालचं 'द ब्रोकन कॉलम' पुन्हा नीट बघ. कण्याच्या जागी भंगलेला दगडी खांब आहे, अंगभर खिळे आहेत. मला मात्र त्यातले पट्टे जास्त बोलके वाटतात. तसा पोलादी कॉर्सेट, म्हणजे कण्याला आधार देणारा घट्ट पट्टा, तिला त्या काळात खरोखरच घालावा लागत होता. खांब तिला सुचला, पट्टे तिने रोज अंगावर वागवले.

आता हाताचं. चित्रकार पॉल क्ले 1935 मध्ये आजारी पडला. तो स्क्लेरोडर्मा असावा, असं आज मानलं जातं. त्यात त्वचा कडक होत जाते. 1936 मध्ये त्याच्या हातून जेमतेम पंचवीसेक कामं झाली. 1939 मध्ये बाराशेच्या वर! शेवटच्या त्या वर्षांत त्याची रेघ जाड आणि मोकळी झाली. तुझीही रेघ बदलेल, बदलू दे. ब्रशच्या दांड्यावर फोम गुंडाळ, म्हणजे मूठ घट्ट आवळावी लागणार नाही. सांधे सुजलेले असतील त्या दिवशी नुसता कागद पुढ्यात घेऊन बसलीस तरी चालेल. प्रदर्शनाची तारीख जवळ आली म्हणून औषध चुकवायचं नाही की रात्र जागायची नाही. हे मी बजावून सांगतोय.

दुसऱ्या रुग्णाचा चेहरा काढणार असशील तर आधी त्यांची परवानगी घे, आणि पूर्ण झालेलं चित्र टांगण्याआधी त्यांना दाखव. "नको" म्हणाले तर ते चित्र घरीच राहील. तू नेहमीच "मी कशी दिसते ते लोक ठरवतात" म्हणतेस ना? मग त्यांच्या बाबतीत ते तू ठरवू नकोस.

दालनात चित्रांसमोर पाठ टेकता येईल अशा खुर्च्या मागून घे, आणि बसलेल्या माणसाच्या नजरेला येतील इतकी चित्रं खाली टांग. तीन हातांचं कच्चं रेखाटन झालं की पाठव.

तुझे,
सर