पाच वर्षं जुन्या ग्रे मेटॅलिक गाडीच्या बॉनेटवर दगडाचे टवके आणि दारावर चरा आहे. टच-अप पेंटची शेड जुळेल का, की कंपनीत देऊन पॅनल रंगवून घ्यावं?

टवक्यांसाठी बॉनेट रंगवायला देऊ नका. कुणी कितीही गळ घातली तरी नाही. चऱ्याचं खाली सांगते.

शेड जुळेल का, हे टच-अप पेन विकणाऱ्याला विचारा, नाहीतर सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायझरला विचारा. दोघंही 'शंभर टक्के' म्हणणार आणि दोघांचा पुरावा एकच, 'रंगाचा कोड तोच आहे ना!' या वाक्याशी माझं जुनं वैर आहे, म्हणून एवढं लिहायला बसले.

माझे वडील कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गाड्या रंगवायचे. शाळा सुटली की मी गॅरेजवरच. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) घासत बसलेल्या पोरांच्या शेजारी माझा गृहपाठ चालायचा. मिक्सिंग मशीन वगैरे तेव्हा तिथे काही नव्हतं. बाबा डब्यात काडी बुडवून उभी धरायचे आणि रंग ओघळताना कडेला पातळ होतो, तिथे तो हिरवट दिसतोय की तांबूस ते बघायचे. मग त्यात थेंबाने दुसरा रंग. 'डब्यातला रंग कुणीही जुळवंल, वाळल्यावरचा जुळवायचा असतो,' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता स्वयंपाकघराच्या भिंतीला रंग देतानासुद्धा तेच तोंडात येतं.

तर, आमच्या घरच्या एका लग्नात धाकट्या दिरांनी माझी सिल्व्हर वॅगन-आर मंगल कार्यालयाच्या फाटकाला घासली. डाव्या बाजूचं पुढचं दार. माणूस अतिशय सज्जन. 'वहिनी, तुम्ही काळजीच करू नका' म्हणाले आणि मला विचारायच्या आत गाडी सर्व्हिस सेंटरला देऊन, इन्शुरन्सचा क्लेम टाकून मोकळे. मला कळलं तेव्हा दार घासून प्रायमरवर आलं होतं.

गाडी संध्याकाळी परत आली. ट्यूबलाइटखाली दार झकास दिसत होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी रंकाळ्याकडे गाडी लावून मागे वळून पाहिलं, तर मागून तिरकं बघताना तेवढंच दार काळपट. समोर जाऊन उभं राहिलं की फरक जवळजवळ नाहीच. परत तिरकं गेलं की काळपट. भावजींना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, 'वहिनी, झेड-टू-एस, सिल्की सिल्व्हर, कंपनीचाच रंग आहे. तुमचा डोळाच चिकित्सक!' सर्व्हिस सेंटरच्या सुपरवायझरने तर डब्याचं झाकण आणून लेबल दाखवलं. कोडबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. कोड बरोबरच होता.

अहो, कोड म्हणजे कारखान्यात गाडीला कुठला रंग मारायचा ठरला होता, तेवढंच. त्याच कोडची गाडी वेगवेगळ्या काळात बनते, रंगाची बॅच बदलते, म्हणून तर रंग कंपन्या एकाच कोडखाली दोन-तीन पर्याय देतात. थोडा पिवळट, थोडा ठसठशीत, थोडा निळसर. वर तुमची गाडी पाच वर्षं उन्हात उभी राहिलेली. आणि 'कंपनीचाच रंग' हीसुद्धा थापच म्हणायची. कारखान्यात नुसता सांगाडा असतो, प्लास्टिक-रबर काही बसवलेलं नसतं, म्हणून रंग १४० अंशांच्या आसपास भाजता येतो. तयार गाडी तेवढी तापवली तर वायरिंगसकट वितळेल. त्यामुळे सर्व्हिस सेंटर असो की उद्यमनगर, रिपेअरला वेगळाच रंग वापरतात, त्यावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, हार्डनर घालून वाळणारा असतो, आणि हे सगळं बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, साधारण ६० अंशांवर सुकवतात.

मेटॅलिकची तर तऱ्हाच निराळी. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. ते आडवे निजले तर समोरून चकाकतात आणि बाजूने काळे दिसतात. कसेही उभे-तिरके अडकले तर समोरून मंद, बाजूने उजळ. ते कसे निजणार हे स्प्रे गनवर ठरतं. हात ओला मारला की शेड गडद, कोरडा मारला की फिकट. एकाच डब्यातून दोन पेंटरनी दोन दारं रंगवली तर दोन शेड निघतील. इथे तुमचा कोड काय करणार?

शेवटी गाडी घेऊन गेले ती बाबांच्या हाताखाली शिकलेल्या एकाकडे. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्याने आधी डब्याला हातच लावला नाही. शेजारच्या फेंडरला (पुढच्या चाकावरच्या पॅनलला) रबिंग कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, मारून जुनाट थर काढला, कारण मळक्या पॅनलला शेड जुळवली तर गाडी पॉलिश केल्यावर ती उघडी पडते. मग त्याच कोडचा रंग घेऊन पत्र्याच्या तुकड्यावर मारला, त्यावर क्लिअर मारला (क्लिअरशिवाय मेटॅलिक बघणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं), वाळवला आणि फेंडरला चिकटवून उन्हात धरला. समोरून, मग तिरका, मग सावलीत. तिरका काळा दिसला. जाड दाण्याची सिल्व्हर कमी करून बारीक दाण्याची वाढवली. आता बाजू उजळली, पण समोरची चकाकी गेली. मेटॅलिकमध्ये एक बाजू धरली की दुसरी सुटते. असं बराच वेळ चाललं. प्रत्येक तुकड्यामागे तो मिश्रणाचं वजन पेन्सिलीने लिहून ठेवायचा.

बाबा खुर्ची टाकून बाजूला बसले होते. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. आधी वर्षभर त्यांना सगळं पिवळट दिसायचं, नवी भिंगं बसल्यावर जगातल्या सगळ्या सिल्व्हर गाड्या निळ्या झाल्या होत्या. म्हणून ते स्वतः काही बोलेनात. मला म्हणाले, 'तू बघ.' मी जो तुकडा उचलला त्याच्यावरच पेंटरचंही बोट होतं. हे मी घरी सगळ्यांना सांगितलंय, तुम्हालाही सांगते.

एवढं करूनही त्याने नुसतं दार रंगवलं नाही. रंग दारावर पूर्ण मारला, पुढे फेंडरवर आणि मागच्या दारावर विरळ करत नेऊन सोडला आणि मग तिन्ही पॅनलवर क्लिअर घेतला. यालाच ब्लेंड करणं म्हणतात. दोन पॅनलच्या फटीत नजर लगेच फरक पकडते, एका सलग पॅनलवर हळूहळू विरलेला फरक पकडत नाही. सर्व्हिस सेंटरवाले हे फारसं करत नाहीत. त्यांचा क्लेम एका दाराचा असतो, शेजारच्या पॅनलच्या क्लिअरचे पैसे कोण भरणार?

भावजींचं अजून म्हणणं आहे की तो 'उन्हाचा फरक' होता आणि महिनाभरात आपोआप जुळला असता. दर दिवाळीला हा विषय निघतो. भावजी, वाचत असाल तर रिपेअरचा रंग महिन्याभरात आपली शेड बदलून शेजारच्या फेंडरसारखा होत नसतो.

बरं, तुमचे टवके. टच-अपची शेड तुमच्या ग्रे मेटॅलिकला डोळ्याला डोळा भिडवून जुळणार नाही. ब्रशने लावल्यावर पापुद्रे हवे तसे निजतच नाहीत, डाग किंचित गडद दिसतो. पण टवका मसुरीएवढा असेल तर दोन हातांवरून कुणाला कळतही नाही. तिथे खरं काम शेडचं नसून गंज अडवण्याचं आहे. कोड बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा दाराच्या खांबावर बघा, आरसीवर नुसतं रंगाचं नाव असतं. बाटलीच्या झाकणातला ब्रश फेकून द्या आणि टूथपिक घ्या. आधी जागा पुसून मेण-पॉलिश काढा, सिलिकॉन राहिलं तर रंग फाटून बारीक खड्डे पडतात. पत्रा उघडा दिसत असेल तर गंज खरवडून प्रायमरचा ठिपका, मग रंग, मग क्लिअर. एका दमात खड्डा भरायचा नाही. पातळ ठिपका, वाळू द्या, पुन्हा ठिपका. वर फुगवटा आलाच तर काही दिवसांनी २००० नंबरच्या पेपरने पाणी लावून अलगद घासा आणि कंपाउंड मारा.

दाराचा चरा नखाने तपासा. नख अडकत नसेल आणि पाणी लावल्यावर चरा दिसेनासा होत असेल तर तो क्लिअरमध्येच आहे, कंपाउंडने जाईल. नख अडकतंय आणि आत राखाडी किंवा पांढरं दिसतंय, तर टच-अपची रेघ लांबून दिसणारच. ती चालणार असेल तर लावा. नसेल तर चांगला पेंटर शोधा आणि त्याला एकच प्रश्न विचारा, 'शेजारच्या पॅनलवर ब्लेंड करणार का?' तो 'गरज नाही, कोडवर बनवतो' म्हणाला तर गाडी वळवा.

क्लेमचा मोह होईल, म्हणून सांगते. एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट) पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० पर्यंत चढतो. एका क्लेममध्ये तो शून्यावर येतो, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये तुमच्या खिशातून जातातच. तुमची पाच वर्षं बिनक्लेमची गेली असतील तर एका चऱ्यासाठी ५० टक्क्यांवर पाणी सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. माझा किती गेला ते लिहीत नाही, घरात वाचतात.

आता थोडं माझ्याच विरुद्ध. ब्लेंड करताना शेजारचे दोन पॅनलही घासले जातात, त्यांच्या मूळ क्लिअरवर नवा थर चढतो. कारखान्याचा रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाड असतो, जुन्या गाड्यांचे व्यापारी हल्ली जाडी मोजायचा मीटर लावून बघतात आणि जास्त आकडा आला की 'ॲक्सिडेंट?' म्हणून भाव पाडतात. म्हणून टवक्यांसाठी कंपनी पेंट घालवू नका. पर्ल व्हाइट असती तर मी तुम्हाला घरी काही करूच दिलं नसतं, त्यात रंग आणि क्लिअरच्या मध्ये पर्लचा वेगळा थर असतो. आणि बंपरचा रंग बॉडीशी जुळत नाही म्हणून पेंटरला धारेवर धरू नका, तो प्लास्टिकचा, वेगळा रंगवून बसवलेला असतो. नव्या गाडीचाही निरखून बघा.

आणखी एक, पावसाळ्यात यातलं काही करू नका. टच-अपच्या साध्या लॅकर रंगावर दमट हवेत पांढरी साय धरते आणि ती शेडच्या नावाने खपते. उघडा पत्रा असेल तर तेवढा प्रायमरचा ठिपका, तोही पाऊस उघडलेला बघून, बाकीचं दसऱ्यानंतर.