घरामागच्या ओढ्यावर बीव्हरने धरण बांधलंय, पाणी अंगणात येतंय. धरण फोडून टाकावं का?

फोडू नका. बीव्हर म्हणजे झाडं कुरतडून काटक्या-चिखलाची धरणं बांधणारा प्राणी. तुमच्या हातापायाला फोड येतील, पाणी तिथंच राहील.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. नोकरी सगळी नाले आणि कांस, म्हणजे पावसाळी पाण्याचे मोठे चर, यांच्या कामावर झाली. पाणी अंगणात आलं की पहिल्यांदा कुणाच्या तोंडून काय निघतं, हे मला पाठ आहे. मुलगी-जावई कॅनडात, ऑन्टारियोत असतात. त्यांच्याही घरामागे ओढा आणि ओढ्यावर कमरेएवढं धरण. गेल्या खेपेला मी तिथं होतो तेव्हा पाणी झोपाळ्याखाली आलं होतं. जावईबापू आणि शेजारचे गृहस्थ कुदळ-फावडी घेऊन उतरले. मी म्हटलं, आधी पाणी येतं कुठून, जातं कुठं ते बघा. पण सासऱ्याचं कोण ऐकतो? दुपारभर घाम गाळून दोन हात रुंद खिंड पाडली. पाणी धो धो निघालं, दोघांनी फोटो काढले.

सकाळी खिंड बुजलेली. वर ताजा काळा चिखल थापलेला, त्यावर पंजांचे ठसे, आणि मधोमध जावईबापूंचा रात्री बाहेर राहिलेला फावड्याचा दांडा आडवा रोवलेला. मुलगी इतकी हसली की चहा सांडला. तरी पुन्हा फोडलं. पुन्हा बुजलं.

कारण साधं आहे. या प्राण्याला वाहत्या पाण्याचा आवाज सहन होत नाही. स्वीडनच्या लार्स विल्सन यांनी स्पीकरवर नुसता पाण्याचा आवाज लावला, तर पाणी नसतानाही बीव्हरनी त्यावर काटक्या रचल्या. म्हणजे खिंड पाडून तुम्ही त्याला स्वतःच कामावर बोलावता. पकडून नेला तरी उपयोग नाही. तयार तळं रिकामं दिसलं की दुसरं कुटुंब राहायला येतं.

मग पाईप घाला. बारा ते पंधरा इंची लवचीक प्लास्टिकचा पाईप धरणातून आरपार. तळ्याकडचं तोंड धरणापासून लांब, खोल पाण्यात, भोवती वेल्डमेशचा, म्हणजे जाड तारेच्या जाळीचा, मोठा गोल पिंजरा. पाणी संथपणे आत जातं, आवाज होत नाही, त्यामुळे तोंड कुठंय ते त्याला कळत नाही. धरणातून पाईप जितक्या उंचीवरून न्याल, तितकी पाण्याची पातळी. पण हावरटपणा नको. तळं फारच उथळ केलंत तर गडी खाली दुसरं धरण बांधेल. रस्त्याखालची मोरी तुंबत असेल तर तोंडाशी जाळी मारू नका, ती लवकरच बुजेल; कुंपण पुढं लांबपर्यंत पसरवून घ्या.

आता मुद्द्याचं. हे सगळं चाललं असताना बडोद्याहून आमच्या साडूंचा व्हिडिओ कॉल. "अहो, जेसीबी लावा, काठाला भिंत घाला, विषय संपला!" साडूंचा बंगला विश्वामित्री नदीच्या काठी आहे. म्हणजे आता काठी. तिथं पूर्वी कोतर, म्हणजे नदीकाठची घळ होती. बिल्डरने ती भरली, प्लॉट पाडले, साडूंनी स्वस्तात घेतला. तेव्हाच म्हटलं होतं, हे नदीचं घर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोड्याच्या पुलाशी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. साडूंच्या सोसायटीत जिन्यापर्यंत पाणी आणि पार्किंगमध्ये मगर. तरी त्यांचं एकच, "आजवा धरणाचं पाणी सोडलं." अहो, पाणी सोडलं हे खरं, पण ते पसरायचं तिथं तुमचा सोफा होता! कोतर हेच काम करायचं, पुराचं पाणी घटकाभर आपल्यात ठेवून घ्यायचं. बीव्हरचं तळंही तेच करतं: पाण्याचा वेग मोडतं, गाळ धरतं, खालच्या गावाला श्वास देतं. चेक देशात ब्रडीच्या जंगलात सरकारी बंधारे सात वर्षं कागदात अडकले होते, ते २०२५ च्या सुरुवातीला बीव्हरनी फुकटात बांधलेले सापडले. आमच्या खात्यात असा एक हवा होता.

भिंत घातली की पाणी समोरच्या काठावरच्या माणसाकडं जातं, एवढंच. साडूंना हे अजून मान्य नाही, पण त्यांनी घरातला इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर हलवलाय.

तर तुमचं अंगण. दोन-चार हात जमीन ओली राहणार, ती राहू द्या. पॉपलरची झाडं जपायची असतील तर खोडाला कमरेच्या वर जाळी गुंडाळा. बर्फात तो उंचावर पोचतो, हे धरून चला. त्या तळ्याचं पाणी पिऊ नका, पोट जाईल. सेप्टिक टँक किंवा तळघर बुडत असेल तर पाईपचे प्रयोग स्वतः करू नका, माहितगार माणूस बोलवा. आणि धरणाला हात लावण्याआधी तिथल्या वन्यजीव कार्यालयात विचारा. नियम प्रांतागणिक वेगळे आहेत. पिंजऱ्यावरचा पालापाचोळा मधूनमधून काढावा लागतो, बर्फ वितळायच्या आधी तर नक्कीच.