'यूएसएन एमके २' ठशाचा लष्करी सुरा कसा ओळखायचा, किंमत किती धरायची?

तुम्ही विचारलंय की जुन्या सामानात एक लष्करी धाटणीचा बोवी सुरा मिळाला, पातं अंदाजे ७ इंच, मूठ चामड्याच्या चकत्यांची, पात्यावर पुसट 'यूएसएन एमके २' (यूएसएन म्हणजे अमेरिकन नौदल, एमके म्हणजे मार्क), वर थोडा गंज. तो साफ करून विकला तर किती येतील?

साफ करू नका. मी माझ्या पहिल्या सुऱ्याला अर्धा तास पॉलिश चोळलं होतं. आरशासारखा चमकला. ज्याला दाखवला त्याने नुसता उजेडात फिरवला आणि परत दिला. पात्यावरचा मूळ करडा फॉस्फेटचा थर मीच घासून काढला होता, आणि तो परत चढवला तरी संग्राहकाला कळतं. मऊ फडक्याला किंचित तेल लावून पुसा, सैल गंज तेवढाच निघू दे. मुठीच्या चामड्याला तेल लागू देऊ नका.

आता ओळख. 'बोवी' हा शब्द फार सैल वापरला जातो. जिम बोवी या अमेरिकन माणसाची १८२७ ची मिसिसिपीकाठची मारामारी गाजली आणि नाव पडलं. पण त्याचा भाऊ रेझिन याने नंतर लिहिलं त्याप्रमाणे तो मूळ सुरा सव्वानऊ इंचांचा, एकधारी आणि सरळ होता. टोकाकडे पाठ खोलगट कापलेलं जे पातं आज आपण बोवी म्हणून ओळखतो, ते नंतर रूढ झालं. तुमच्याकडचा सुरा त्याच आकाराचा लष्करी वंशज आहे. अमेरिकन मरीन्सनी तो १९४२ मध्ये स्वीकारला, नौदलाने त्यालाच 'मार्क २' म्हटलं. अंक २ च आहे ना, भिंगातून बघा; मार्क १ हा वेगळा, आखूड सुरा, पातं ५ इंचांच्या आसपास.

मग बनवणाऱ्याचं नाव शोधा. पात्याच्या दुसऱ्या बाजूला, मुठीलगतच्या बिनधारेच्या भागावर ते असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात ठसे गार्डवर, म्हणजे मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीवर गेले. काही वेळा वर्षानुवर्षांच्या मळाखाली ते दिसतच नाहीत. युद्धकाळात कॅमिलस या कंपनीने सर्वाधिक सुरे बनवले, म्हणून तेच सर्वात सहज मिळतात. युनियन कटलरी या दुसऱ्या कंपनीच्या मालावर 'का-बार' असतं. त्यातल्या ज्या मुठींत चामड्याच्या टोकांना लाल चकत्या आहेत, त्यांना जास्त भाव येतो. रॉबसन आणि पाल या कंपन्यांचे सुरे कमी दिसतात. पात्यावर नुसतं 'यूएस' आणि खाली 'कॅमिलस एनवाय' असेल तर तो युद्धानंतरचा. वाईट नाही, पण वेगळ्या रांगेतला.

मुठीच्या मागची टोपीही नीट बघा. कुठे ती नटाने आवळलेली असते, कुठे पात्याची शेपटी ठोकून पसरवलेली, कुठे आडवी खीळ मारलेली. नाव आणि टोपी एकत्र धरली की काळ बराच आवळता येतो. नाव एका काळाचं आणि टोपी दुसऱ्या काळाची निघाली तर मूठ बदललेली असण्याची शक्यता धरा.

खोट्या ठशांबद्दल एकच सांगतो. पातं झिजलेलं, ओरखडलेलं आणि अक्षरांच्या कडा मात्र कोऱ्या, बोटाला उचललेल्या लागतायत, तर ठसा नंतर मारलाय. सोबत येणाऱ्या 'अमुक बेटावरच्या लढाईतला' वगैरे गोष्टीला कागदपत्र नसेल तर तिचे शून्य पैसे.

किमतीसाठी मी पट्टी घेऊन बसतो. सहाणेवर वारंवार लावलेल्या सुऱ्याचं पोट आत जातं, टोक आखूड होतं. ७ चे पावणेसात झाले की भाव घसरतोच. नंतर म्यान. मरीन्सचं चामड्याचं, नौदलाचं बरेचदा करड्या फायबरचं, त्यावर 'यूएसएन एमके २' आणि 'नॉर्ड' (नौदलाच्या कंत्राटाची खूण) असा ठसा. तुम्ही म्यानाचा उल्लेखच केला नाहीत! ते त्याच सामानात असेल तर आधी शोधा, त्याने आकड्यात मोठा फरक पडतो. मात्र चामड्याचं निघालं तर सुरा त्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं आतून गंजतं.

आकडाच हवा असेल तर: नेहमीचा युद्धकालीन कॅमिलस डॉलरच्या शेकड्यांत जातो, हजारांत नाही. लिलावांच्या संकेतस्थळांवर 'विकले गेलेले' हा पर्याय निवडा आणि तोच ठसा, तशीच टोपी, तेवढीच झीज असलेले आठ-दहा व्यवहार बघा. विक्रेत्याने मागितलेला आकडा वाचायचाच नाही. तीन वर्षं न विकलेला सुराही तिथे भरमसाट किमतीला लटकत असतो.

फोटो टाकणार असाल तर टोपीचा मागून आणि गार्डचा दोन्ही बाजूंनी टाका. अख्ख्या सुऱ्याचा एकच फोटो बघून मला पुढे काही सांगता येणार नाही.