तिकिटावर एक नाव, विमानावर दुसरे

प्रश्न : माझी मुलगी व जावई जर्मनीत ड्युसेलडॉर्फला राहतात. गेल्या जूनमध्ये त्यांच्याबरोबर आम्ही उभयता ग्रीसच्या क्रीट बेटावर गेलो होतो. तिकीट सहलींसाठीच विमाने चालवणाऱ्या एका कंपनीचे होते. परतीचे विमान मात्र पांढरे, कोणतेही नाव नसलेले होते आणि सीटसमोरच्या खिशातील सुरक्षा-पत्रकावर तिसऱ्याच कंपनीचे नाव छापलेले होते. विमान चार तास उशिरा पोहोचले. ही फसवणूक म्हणायची का, आणि भरपाई कोणाकडे मागायची? – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ही फसवणूक नव्हे. आपले विमान ‘वेट लीज’वरचे, म्हणजे वैमानिक, केबिन कर्मचारी, देखभाल आणि विमा यांसह भाड्याने घेतलेले असावे. नाशिक–पुणे मार्गावरील कराराच्या शिवशाहीत गाडी व चालक खासगी मालकाचे, तर वाहक एसटीचा, ही व्यवस्था आपल्याला ठाऊकच आहे. विमानांतही असा प्रकार असतो. वैमानिक मालकाचे आणि केबिन कर्मचारी भाडेकरूचे असले, की त्याला ‘डॅम्प लीज’ म्हणतात. इंडिगोने मुंबई–अ‍ॅमस्टरडॅम सेवा 2025 मध्ये सुरू केली ती नॉर्स या नॉर्वेच्या कंपनीकडून अशाच रीतीने घेतलेल्या विमानांवर.

सहलींच्या कंपन्यांना याची गरज अधिक भासते, कारण त्यांची गर्दी उन्हाळ्याच्या काही महिन्यांत एकवटलेली असते. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरसाठी एसटी इतर आगारांतून जादा गाड्या आणते. त्या एका महिन्याच्या गर्दीच्या हिशेबाने कायमच्या गाड्या घेतल्या, तर उरलेले वर्ष त्या आगारात उभ्या राहतील. शिवाय उन्हाळ्यात एकेक विमान पहाटे निघते, बेटावर जाऊन परत येते, लगेच दुसऱ्या बेटाकडे वळते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळावर पोहोचते. त्यामुळे सकाळी चाक बदलण्यात गेलेला तास-दीड तास रात्रीच्या प्रवाशांपर्यंत वाढत जातो आणि जादा विमान हाताशी नसले, की आपल्यासारखे चार तास होतात. 2019 च्या मार्चमध्ये बोइंग 737 मॅक्स जगभर जमिनीवर उतरवले गेले, तेव्हा टुई या जर्मन पर्यटन समूहाची अशी 15 विमाने ऐन हंगामाच्या तोंडावर अडकून पडली आणि समूहाला भाड्याच्या विमानांची जुळवाजुळव करावी लागली.

आता भरपाई. आपण ती तिकीट देणाऱ्या कंपनीकडेच मागावी, मात्र उड्डाण क्रमांक तिचाच होता याची खात्री करून घ्यावी. हा पेच टुईच्याच दोन कंपन्यांवरून युरोपीय न्यायालयात गेला होता. हॅम्बुर्ग–कानकून उड्डाणाचे आरक्षण टुईफ्लायचे, विमान आणि कर्मचारी थॉमसन एअरवेजचे, आणि प्रवाशांनी दावा लावला थॉमसनवर. उड्डाणाचा निर्णय जी कंपनी घेते आणि त्याची जबाबदारी पत्करते तीच भरपाईला बांधील आहे, विमान भाड्याने देणारी नव्हे, असा निकाल 2018 मध्ये लागला. 2004 च्या युरोपीय नियमानुसार आपल्या अंतरासाठी माणशी 400 युरो देय होतात. उशीर वादळासारख्या अपवादात्मक कारणाने झाला असेल, तर मात्र नाही. कंपनीकडून ‘तांत्रिक कारण’ असे मोघम उत्तर आले, तर तेवढ्यावर गप्प बसू नये. नेहमीचा तांत्रिक बिघाड अपवादात धरला जात नाही. बोर्डिंग पास जपून ठेवले असतील, अशी आशा आहे.

प्रश्न : हंगाम संपल्यावर या कंपन्यांची विमाने काय करतात? – एक वाचक, ओझर

उत्तर : काही विमाने कॅनरी बेटे आणि इजिप्तकडे वळतात, कारण युरोपातील लोक थंडीत तिकडे ऊन खायला जातात. काही परदेशी भाड्याने जातात. कॅनडाची गर्दी हिवाळ्यात असल्याने टुई आणि तिथली सनविंग अनेक वर्षे एकमेकींना विमाने व वैमानिक देत असत. बाकीची हँगरमध्ये मोठ्या तपासणीसाठी उघडली जातात. आपल्या गावातही असे काम येण्याची वाट मोकळी झाली आहे : एअरबस ए-320 कुटुंबातील विमानांच्या देखभालीची सोय नाशिकला उभारण्यासाठी एचएएल आणि एअरबस यांच्यात नोव्हेंबर 2023 मध्ये करार झाला, आणि जर्मनीच्या काँडोरसारख्या सहल-कंपन्यांची मध्यम पल्ल्याची विमाने याच कुटुंबातील आहेत.