"मॅडम, मन्हं नाव निंघी का?"

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नऊ दिवस होते. भर दुपारी फोन आला. बाई दबक्या आवाजात बोलत होती आणि मागे पिठाच्या गिरणीची घरघर चालली होती. "मॅडम, मन्हं नाव निंघी का?" माझं नाव बाहेर येईल का, आधी हे विचारलं, मग बाकीचं.

बाल संरक्षण अधिकारी म्हणून बालविवाह थांबवायला गावोगाव फिरताना मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. शिक्षा किती, दंड किती, हे कुणी विचारत नाही. आशाताई असो, शाळेतले सर असोत की शेजारीण, धास्ती एकच. उद्या मला याच गावात राहायचंय, याच हापशावर पाणी भरायचंय.

ही बाई तर मुलीची सख्खी काकू. (मुलांची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे, म्हणून खुणेचे तपशील बदलले आहेत. गिरणा नदीकाठचं एक गाव, एवढं पुरे.) जावेनं तिच्याकडे दोन क्विंटल गहू दळायला दिला होता. साखरपुडा आहे, म्हणे. दळण पंगतीतल्या दाल-बट्टीचं, जाडसर. "साखरपुड्याले दोन क्विंटलनी बट्टी कोन करस, मॅडम?" तिचा हिशोब बरोबर होता. पत्रिका छापायची नाही, साखरपुडा म्हणून माणसं गोळा करायची आणि दुपारी अक्षता टाकून मोकळं व्हायचं, ही पद्धत आता आमच्याही पाठ झालीय. मुलगी नववी पास, दहावीत जाणारी.

तिला मी खोटा धीर दिला नाही. नाव आमच्याकडून बाहेर जाणार नाही, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी तिथून जाणार नाही. पण गाव अंदाज बांधणारच, तो मी कसा थांबवणार? ती गप्प झाली. मग मी विचारलं, या कार्यक्रमाचं आणखी कुणाकुणाला माहीत आहे? ती मोजायला लागली. गिरणीवाला, मंडपवाला, बँडवाला, किराणा दुकानदार, भांडी देणारा. "मग तुमच्या एकटीवरच संशय का यावा?" तिचा श्वास जरा खाली बसलेला ऐकू आला. तिला सांगितलं, दळण घेऊन घरी जा, रोज जाता तशी जावेकडे जात राहा, आणि मी आले की माझ्याकडे बघू नका. आमच्या कामात नेमकं हेच चुकतं. ज्यानं कळवलं तो माणूस घाबरून दोन दिवस घराबाहेर पडत नाही, आणि गावाला तेवढंच पुरतं.

चुकलेली मीही आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका घराच्या उंबऱ्यावर उभी राहून मी म्हणाले होते, "आमच्याकडे तक्रार आलीय." पुढचा तासभर त्या घरात मुलीचं वय कुणी काढलंच नाही. तक्रार केली कुणी, एवढंच चाललं होतं. तेव्हापासून तो शब्द मी वापरत नाही आणि गाडी ग्रामपंचायतीपाशीच उभी करते.

या गावात आम्ही आधी शाळेत गेलो. जनरल रजिस्टर काढलं, आठवी-नववीच्या मुलींची यादी केली आणि ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील असे मिळून तीन घरी गेलो. बालविवाह प्रतिबंध अधिनियम 2006 प्रमाणे खेड्यात प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. काही ग्रामसेवकांनाही ते नको असतं, ते असो. ज्यासाठी आलो होतो ते घर मुद्दाम तिसरं ठेवलं होतं.

वडिलांनी आधार कार्ड पुढं केलं. त्यावर अठरा पूर्ण. वयाचा पुरावा म्हणून बाल न्याय कायदा आधी शाळेचा दाखला बघतो, तो नसेल तर जन्मनोंद, तीही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. त्या यादीत आधार नाही. रजिस्टरप्रमाणे मुलगी पंधरा वर्षं चार महिन्यांची. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, आणि मंडपवाल्यापासून लग्न लावणाऱ्यापर्यंत कुणी सुटत नाही, हे ग्रामसेवकांनी सांगून टाकलं. वडील मान खाली घालून ऐकत होते. शिक्षेचं त्यांना विशेष काही वाटलं नसावं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "शब्द दिलाय हो. त्यांना काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, माझं नाव सांगा. सगळा वाईटपणा माझ्या अंगावर टाका.

त्यांनी तिथंच फोन लावला. "सरकारी लोकं दारात बसलेत, रजिस्टर घेऊन. मन्हा इलाज नही." आवाज रडवेला होता, पण फोन ठेवल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. दसऱ्यानंतर दोघं नवराबायको ऊसतोडीला जाणार, पोरीला सहा महिने ठेवायचं कुणाजवळ, फडावर नेली तर तिथं काय सुरक्षित, हा त्यांचा खरा घोर होता. उचल घेऊन झाली होती. लग्न हा त्यांनी काढलेला त्यातला त्यात स्वस्त मार्ग. त्यावर तालुक्याच्या वसतिगृहाचं बोलणं दीड तास चाललं, कायद्याचं दहा मिनिटं.

मुलीशी मी अंगणवाडीत एकटीशी बोलले. ती भिंतीवरच्या मुळाक्षरांकडे बघत बसली होती. म्हणाली, "माले दहावीनी परीक्षा देनी शे." थोडं थांबून, "शाळेनं सायकल दिलीय, ती परत करावी लागेल का?"

लग्न होण्याचा धोका असलेलं मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल धरतात, म्हणून प्रकरण बालकल्याण समितीपुढं गेलं. इथं दुसरी भीती, "पोरीला उचलून नेतील." समितीनं मुलीचं ऐकलं, आईवडिलांकडून हमीपत्र घेतलं आणि पोर त्यांच्याच हवाली केली. दर महिन्याला गृहभेट माझ्याकडे आली. सगळ्याच घरांत असं होतं असं नाही. मारहाण असेल, मुलीच्या जिवाला धोका असेल तर बालगृहात ठेवावं लागतं. आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर कळवू की नको याला जागाच नाही. पोक्सो कायद्यानं ते प्रत्येकावर बंधनकारक आहे.

काकूची भीती खोटी ठरली का? नाही. दिरानं अख्खा पावसाळा तिच्या घराशी बोलणं टाकलं. पोळ्याला बैलाचा नैवेद्यही वेगळा झाला. पुरावा काहीच नव्हता, नुसता अंदाज. ती दोनदा मला फोन करून रडली. "मी चुकनू का" असं मात्र तिनं एकदाही विचारलं नाही.

ऑगस्टमधल्या गृहभेटीला मुलीची आई ओट्यावर शेंगा फोडत होती. वडील शेतात, मुलगी शाळेत. वसतिगृहाचा अर्ज भरून तयार होता, त्यावर तिनं अंगठा दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, गिरणी आमच्या दाराशी शे. तरी गहू मी जावेकडंच दिला होता दळायला."

मी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. गृहभेटीच्या अहवालात ही ओळ लिहिली नाही.