वाचक विचारतात : स्वस्त इलेक्ट्रिक गिटार पारखायची कशी?

दहा ते वीस हजारांच्या इलेक्ट्रिक गिटारविषयी या वेळी बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, तिला इलेक्ट्रिक गिटार शिकायची आहे. बजेट पंधरा हजार. नवी पेठेतल्या दुकानात एकाच मॉडेलच्या दोन गिटार दाखवल्या. दुकानदार म्हणतात, दोन्ही सारख्याच, रंग आवडेल ती घ्या. घरात कुणालाच यातले कळत नाही. काय बघायचे?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : सारख्या नसतात. बॉडीचे कटिंग हल्ली कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर होते, तिथे फारसा फरक पडत नाही. पण फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एका पातळीत घासणे, त्यांची टोके गोल करणे, नटाच्या (वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या) खाचा कापणे या कामांना वेळ लागतो, आणि किंमत खाली आणायची तर वेळ वाचवला जातो तो इथेच. म्हणून मॉडेल ठरले तरी नग निवडायचा राहतोच.

सोबत अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, मुदत संपलेले एटीएम कार्ड आणि फोनमध्ये ट्यूनर एवढे न्या. दुचाकीच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला असते ते फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मिळाले तर उत्तमच. आधी गिटार सुरात लावून घ्या. नेकला, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याला, ओढून धरतात त्या ताराच, त्यामुळे तारा सैल असताना घेतलेल्या मापाला अर्थ नाही.

सुरुवात नेकपासून करा. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. ताणलेली तार आता पट्टीसारखी सरळ झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी, साधारण एका जाडसर व्हिजिटिंग कार्डाइतकी. वाजताना तार मधोमध जास्त हेलकावते, म्हणून एवढा बाक मुद्दाम ठेवलेला असतो. फट अजिबात नसेल किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या वर असेल, तर ट्रस रॉडने (नेकच्या आत बसवलेल्या धातूच्या दांडीने) ती दुरुस्त होते का ते दुकानदारालाच समोर करून दाखवायला सांगा. अॅलन कीने एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही. घड्याळाच्या दिशेने पिळले की बाक कमी होतो, उलट फिरवले की वाढतो. रॉड फिरतच नसेल, किंवा फिरूनही फट तेवढीच राहत असेल, तर तो नग परत ठेवा. मग गिटार डोळ्यांच्या रेषेत धरून हेडस्टॉककडून (किल्ल्यांच्या टोकाकडून) ब्रिजकडे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाकडे) बघा. नटाची रेघ आणि शेवटच्या फ्रेटची रेघ एकमेकींना समांतर दिसली पाहिजे. नेकला पीळ पडलेला असेल तर ट्रस रॉड काही करू शकत नाही.

आता फ्रेट. कार्डाची सरळ कड दोन तारांच्या मधून तीन फ्रेटवर उभी टेकवा आणि दोन्ही टोकांना आळीपाळीने हलकेच दाबा. कार्ड 'टक-टक' असे डुलले तर मधला फ्रेट उंच आहे. कडेखाली नेमके तीनच फ्रेट यायला हवेत. पहिल्या सहा फ्रेटपर्यंत कार्डाची लांब बाजू चालते, पुढे आखूड, आणि बाराव्याच्या पुढे फ्रेट इतके जवळ येतात की कार्ड कापून कड छोटी करावी लागते. एखादा फ्रेट किंचित उंच निघाला तर घासून घेता येतो. चार-पाच ठिकाणी डुलले तर सगळे फ्रेट समतल करून पुन्हा गोलाई द्यावी लागेल, आणि त्याची मजुरी धरली तर स्वस्त गिटार स्वस्त राहत नाही. यासोबत पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार बाराव्यापासून सतराव्या फ्रेटपर्यंत एकेक जागी दाबून, बोटाने आडवी ओढून सूर पूर्ण एक स्वर वर नेऊन बघा. ओढताना आवाज मधेच गुदमरला, तर वरचा कुठला तरी फ्रेट आडवा येतो आहे.

नटाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. कमी किमतीच्या गिटारमध्ये हीच चूक वारंवार दिसते आणि तिचा त्रास नवशिक्याला सगळ्यात जास्त होतो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. कागद जेमतेम सरकेल इतकीच हवी. जास्त असेल तर पहिल्या दोन फ्रेटवर तार दाबायला दुप्पट जोर लागतो, दाबलेला सूर चढा लागतो, एफ कॉर्ड तर बसतच नाही. मुलांना वाटते आपलीच बोटे कमजोर, आणि दोन महिन्यांत गिटार कपाटावर जाते. खाचा खोल करणे जाणत्या कारागिराला तासाभराचे काम आहे. घेतानाच दुकानाकडून करून घ्या. उलट खाच आधीच जास्त खोल असेल तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते. त्यावर नट बदलणे हाच नीट उपाय.

मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. सहाव्या तारेखाली 2 मि.मी., पहिलीखाली दीड ते पावणेदोन, ही शिकणाऱ्यासाठी चांगली मापे. उंची जास्त असेल तर ब्रिजवरच्या सॅडलचे (प्रत्येक तार टेकते त्या छोट्या ठोकळ्याचे) स्क्रू बघा. सॅडल पार खाली टेकलेले आणि तरीही उंची 3 मि.मी., याचा अर्थ नेक चुकीच्या कोनात बसला आहे. तारेची लांबीही मोजा. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या (फेंडरच्या प्रसिद्ध मॉडेलसारख्या) गिटारमध्ये नट ते बारावा फ्रेट 324 मि.मी. आणि नट ते पहिल्या तारेचे सॅडल साधारण 648 मि.मी. असते, जाड तारांची सॅडल त्याहून तीन-चार मि.मी. मागे. लेस पॉल पद्धतीत (गिब्सनच्या मॉडेलसारख्या गिटारमध्ये) 314 आणि 628. आता बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसते बोट टेकवून छेडल्यावर येणारा सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्यायचे, उतरता असेल तर पुढे. सॅडल मागे घ्यायला जागाच उरली नसेल, तर ब्रिज चुकीच्या जागी ठोकला आहे. असा नग कितीही देखणा असो, घेऊ नका.

शेवटच्या फ्रेटपाशी पहिली आणि सहावी तार फ्रेटबोर्डाच्या (फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीच्या) कडांपासून सारख्याच अंतरावर आहेत का तेही बघा. पहिली तार कडेवरून घसरत असेल, तर बहुधा नेक खाचेत किंचित फिरला आहे. मागचे चार स्क्रू अर्धा आटा सैल करून, नेक हाताने सरळ करून पुन्हा आवळले की बऱ्याचदा काम होते.

इलेक्ट्रिकचा भाग शेवटी. अॅम्पला (अॅम्प्लिफायरला) लावून स्विचच्या सगळ्या जागा, सगळे नॉब फिरवून बघा. नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा जाते. जॅक (केबल खोचायची जागा) हलवल्यावर आवाज तुटत असेल तर त्याचा बाहेरचा स्क्रू-नट आवळून घ्या, पण मागचा जॅक धरूनच. नाहीतर तो आत फिरतो आणि वायर तुटते. पिकअप (तारांचा कंप टिपणारे भाग), पॉट (नॉबखालचे भाग), स्विच, किल्ल्या (तारा ताणायच्या खुंट्या) हे सगळे पुढे बदलता येते. नेक आणि फ्रेट चांगले असलेला साधा नग हा खरा सौदा. दोन्ही गिटार याच क्रमाने तपासा आणि रंग शेवटी बघा.

प्रश्न : जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास ऑनलाइन गिटार घेतली, तेव्हा छान होती. एप्रिल लागला आणि नेकवरून हात सरकवताना फ्रेटची टोके टोचायला लागली, पहिल्या दोन-तीन फ्रेटवर खरखरही येते. खराब माल आला का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : लगेच तसे म्हणू नका. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत. त्यात वरच्या मजल्यावरची किंवा पत्र्याची खोली. लाकडातला ओलावा जातो, ते रुंदीत आकसते. फ्रेटचा धातू मात्र आकसत नाही. म्हणून टोके बाहेर डोकावतात.  लाकूड सुकताना नेक मागेही वाकतो, बाक कमी होतो आणि पहिल्या फ्रेटवर खरखर सुरू होते. वर सांगितल्याप्रमाणे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट मोजा. नसेल तर ट्रस रॉड पाव आटा सैल करा, एक दिवस थांबा, पुन्हा मोजा.

टोके दोन्ही कडांना, सगळीकडे सारखीच आली असतील, तर तो हवेचा परिणाम. पण एखाद्या फ्रेटचे टोक वर उचललेले असेल, नखाने दाबल्यावर खाली जाऊन सोडल्यावर पुन्हा वर येत असेल, तर फ्रेट खाचेत नीट बसलेलाच नाही. तो बांधणीचा दोष आहे. परत करायची मुदत असेल तर परत करा.

घासायचे काम मे महिन्यातच करा. लाकूड जास्तीत जास्त आकसलेले असताना टोके घासली की पुढच्या उन्हाळ्यातही सहसा टोचत नाहीत. गिटार जाड सोलापुरी चादरीची घडी घालून तिच्यावर आडवी ठेवा, नेकखाली आधार द्या. फ्रेटच्या मधल्या लाकडावर मास्किंग टेप लावा. बारीक दाताची छोटी कानस कडेला तिरकी धरून टोकावरून हलकेच फिरवा, फक्त बाहेर आलेले घासा. नंतर 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने कोपरे मऊ करा. बोट फिरवले की कपड्याच्या कडेसारखे लागले पाहिजे. फ्रेटच्या माथ्याला कानस लागू देऊ नका.

फ्रेटबोर्ड गडद आणि बिनपॉलिशचा असेल तर फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या मिनरल ऑइलचे दोन-चार थेंब फडक्यावर घेऊन पुसा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळे काढून टाका. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल नको, ते खवट आणि चिकट होते. फिकट मेपलच्या पॉलिश केलेल्या बोर्डाला तेलाची गरजच नाही. गिटार बंद बॅगेत किंवा केसमध्ये ठेवा. कूलरसमोर ठेवू नका. दिवसा दमट, रात्री कोरडी अशी हवा लाकडाला जास्त त्रास देते. हवेतला ओलावा 45 ते 55 टक्के राहिला तर उत्तम. आणि उन्हात लावलेल्या बंद कारमध्ये गिटार अर्धा तासही नको.

प्रश्न : गिटार सारखी बेसूर होते. स्वस्तातल्या किल्ल्या फेकून चांगल्या टाकू का?
— अक्कलकोट रोड

उत्तर : आधी नट तपासा. तार लावताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का? तसे असेल तर तार नटाच्या खाचेत अडकते आहे. तार बाजूला घेऊन खाचेत 2बी पेन्सिलचे टोक चार-पाचदा फिरवा. तरीही अडकली तर खाच तारेच्या जाडीइतकी रुंद करून घ्यावी लागेल. खुंटावर तारेचे दोन-तीनच वेढे, एकाखाली एक, असावेत. सात-आठ वेढे एकमेकांवर चढवलेले असतील तर ते बसत राहतात आणि सूर उतरत राहतो. नवी तार लावल्यावर हाताने हलके ताणून पुन्हा सुरात आणायची, असे तीन-चार वेळा. सूर नेहमी खालून वर आणून थांबा. तरंगता (स्प्रिंगवर हलणारा) ब्रिज असेल आणि ट्रेमोलोचा दांडा (ब्रिज हलवून सूर डोलवायचा) वापरत नसाल, तर मागचे स्प्रिंग आवळून ब्रिज बॉडीवर टेकवून टाका. मग सुरात लावणे, तारांची उंची आणि सॅडल पुन्हा जुळवा.

एवढे करूनही किल्ली पाव फेरा फिरवल्यावर सूर हलतच नसेल, किंवा खुंट हाताला डुगडुगत असेल, तरच किल्ल्या बदला. नव्या मागवण्याआधी भोकाचा व्यास आणि स्क्रूची जागा मोजा.

प्रश्न : प्लायवूडची बॉडी ओळखायची कशी? आणि रोजवूडऐवजी 'लॉरेल' लिहिले असेल तर ते हलके लाकूड समजायचे का?
— वाचक, बाळे

उत्तर : मागचे ट्रेमोलो स्प्रिंगचे झाकण उघडा, आतल्या कडेवर थर दिसले तर प्लायवूड. इलेक्ट्रिक गिटारमध्ये त्याने आवाज बिघडतो असे नाही, पण निकृष्ट प्लायमध्ये ब्रिजचे आणि पट्ट्याचे स्क्रू सैल होतात. ब्रिजचे खांब पुढे झुकले आहेत का, ते मात्र जरूर बघा.

इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीत भरपूर आहे, कठीण आहे, फ्रेटबोर्डाला चांगले चालते. 2017 साली शिसवाच्या कुळातल्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवान्याची अट आली, तेव्हापासून बऱ्याच कंपन्या लॉरेलकडे वळल्या. तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली, तरी लॉरेल टिकून राहिले. स्क्वायरच्या (फेंडरच्या स्वस्त ब्रँडच्या) अनेक गिटारवर तेच असते.

प्रश्न : अॅम्प चालू असताना तारांना हात लागला की मुंग्या येतात. एकदा माइकला ओठ लागले तर चटकाच बसला. गिटारचे वायरिंग खराब आहे का?
— होटगी रोड

उत्तर : बहुतेक नाही, आणि हे आजच थांबवा. साध्या गिटारमध्ये विजेचा पुरवठाच नसतो. तारा ब्रिजखालच्या वायरने जॅकला आणि जॅकमधून अॅम्पच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या असतात. पेटीत वीज उतरली आणि सॉकेटला अर्थिंग नसले की ती तारांवर येते. माइक दुसऱ्या अर्थिंगवर असला तर वीज तुमच्या अंगातून जाते. यात जीव जाऊ शकतो. (सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपची 'घूंऽऽ' ही वेगळी गोष्ट. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर वायरिंग ठीक आहे.)

इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या. फेज-न्यूट्रल 230 व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. सॉकेट ठीक निघाले तर अॅम्प दुरुस्तीला द्या. तीन पिनच्या प्लगची जाड पिन कापू नका, दोन पिनचा अॅडॉप्टर लावू नका, आणि कुणी सांगितले म्हणून ब्रिजची वायर तोडू नका. मंडपात जनरेटरवर वाजवणार असाल तर गिटार आणि माइक दोन्ही एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्या. मोजणी होईपर्यंत अॅम्पचा प्लग भिंतीतून काढून ठेवा.