स्कीमातील मर्यादा पार्सिंगच्या वेळी लागू होते की व्हॅलिडेशनच्या वेळी?

स्कीमामध्ये, म्हणजे नोंदींचा साचा ठरवणाऱ्या वर्णनात, एखाद्या आकड्याला मर्यादा घातली, तर चुकीची नोंद पार्सरच, म्हणजे नोंद वाचून तिचे भाग सुटे करणारा प्रोग्रामच, अडवतो की तपासणी (व्हॅलिडेशन) वेगळी करावी लागते, असे आपण विचारले आहे. ते फॉरमॅटवर अवलंबून आहे. मी देवगडला आंबा बागायतदारांच्या विक्रीच्या नोंदींची प्रणाली सांभाळतो, म्हणून उदाहरण पेटीचेच घेतो. एका पेटीत ४ ते ७ डझन, ही आपली मर्यादा समजू.

जेसन (JSON) या साध्या मजकुरात नोंदी लिहिण्याच्या फॉरमॅटमध्ये कोणी ४० डझन लिहिले तरी पार्सर हूं की चूं करत नाही, कारण त्याच्या लेखी ती निव्वळ एक संख्या असते. ती नाकारण्याचे काम नंतर व्हॅलिडेटरचे, म्हणजे नोंद स्कीमाशी ताडून पाहणाऱ्या प्रोग्रामचे. गंमत म्हणजे ०५ लिहिले, तर मात्र पार्सरच अडतो, कारण संख्येआधीचे शून्य जेसनच्या व्याकरणातच बसत नाही.

एएसएन.१ (ASN.1) ही नोंदींची रचना वर्णन करण्याची भाषा. तिच्या अनअलाइन्ड पीईआर या, आकडे कमीत कमी बिटांत लिहिणाऱ्या पद्धतीत चित्र पालटते. ४ ते ७ या चारच शक्यता असल्यामुळे आकडा दोन बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या दोन जागांत मावतो. ००  म्हणजे ४ आणि ११ म्हणजे ७. येथे ४० डझन लिहिताच येत नाहीत आणि वाचणाऱ्याला तपासण्यासारखेही काही उरत नाही. मात्र उद्या मी मर्यादा ४ ते ८ केली आणि दलालाकडे जुनाच स्कीमा राहिला, तर मी तीन बिट लिहीन आणि तो दोनच वाचेल. माझे ८ डझन, म्हणजे १००, त्याला १०, म्हणजे ६ डझन दिसतील आणि उरलेला बिट त्यापुढे लिहिलेल्या दराच्या आकड्यात शिरेल. शिवाय तीन बिटांत पाचच आकडे वैध असल्याने बिटांच्या तीन जोडण्या मोकळ्या राहतात, आणि तपासणी पुन्हा गळ्यात पडते. त्याच एएसएन.१ च्या बीईआर पद्धतीत प्रत्येक मूल्य आपली लांबी सोबत नेते, त्यामुळे मर्यादा बदलली तरी वाचन बिघडत नाही.

एक्सएमएल या टॅग वापरणाऱ्या फॉरमॅटची डीटीडी, म्हणजे त्याचा एक प्रकारचा स्कीमा, तर वाचलेला मजकूरच बदलू शकते. आमच्याकडे आंब्याच्या ‘जात’ या अ‍ॅट्रिब्यूटला (टॅगमध्ये लिहायच्या गुणधर्माला) ‘हापूस’ हे डीफॉल्ट, म्हणजे काही लिहिले नाही तर धरायचे, मूल्य होते. एका व्यापाऱ्याच्या यादीत पायरीच्या पेट्यांपुढे जात लिहायची राहिली. आमच्या व्हॅलिडेटिंग पार्सरने सगळ्यांना हापूस ठरवले, तर बाहेरची डीटीडी न वाचणाऱ्या त्यांच्या पार्सरला ती जागा रिकामीच दिसली. दोन्ही बाजूंनी त्रुटीचा एकही संदेश आला नाही. त्यानंतर मी ते डीफॉल्ट काढून टाकले आणि जात लिहिणे सक्तीचे केले.